झाडाचं तोंड

मिसाओ ताकामात्सुला गेली होती ती रजईचा दोरा आणायला, आणि परत आली ती दोऱ्याच्या पुडीखाली एक पुस्तक दडवून.

दोऱ्याच्या दुकानाला लागूनच जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. लढाईत शहर जळलं तेव्हा तेही जळलं होतं आणि मग पत्र्याखाली पुन्हा उभं राहिलं होतं. बाहेरच्या फळीवर एक जाड पुस्तक पडलं होतं, वर पाइनच्या झाडाचं चित्र. मिसाओने ते उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. म्हाताऱ्या दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"कुठल्या तुम्ही, बाई?"

"किनाशीच्या."

"किनाशीच्या? आणि बोन्सायचं पुस्तक घेताय? म्हणजे कोळ्याच्या घरी मासळी विकत न्यायची वेळ आली म्हणायची!"

"दुसऱ्या कुणाला द्यायचंय," मिसाओ म्हणाली. ते खोटं होतं आणि म्हाताऱ्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने पुस्तक बांधून देताना वरून आणखी एक पातळ पुस्तक फुकट टाकलं, तबकातले डोंगर आणि समुद्र कसे करावेत याचं.

म्हाताऱ्याचं चुकलं नव्हतं. किनाशीत पोर नीट बोलायच्या आधी फांदीला तार गुंडाळायला शिकतं. भाताच्या शेतांपेक्षा पाइनची शेतं जास्त. बोन्साय शिकायला पुस्तक लागावं अशी गावात बहुधा एकच बाई होती, आणि तिचा नवरा गावातल्या सगळ्यात चांगल्या हातांपैकी एक.

पण तिचा नवरा तोकुजी त्या घरात घरजावई म्हणून आला होता. घर, अंगण, मागचं शेत, दारावरचं आडनावसुद्धा त्याच्या पहिल्या बायकोचं, नुईचं. नुई त्या घरची एकुलती एक लेक. झाडाला पाणी कसं घालायचं इथपासून सगळं तिनेच तोकुजीला शिकवलं. मग ती छातीच्या आजाराने गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे मध्यस्थांनी शोदोशिमा बेटावरून मिसाओला आणलं. बाप सोयासॉसची पिंपं करणारा, पोरीचं लग्नाचं वय उलटून चाललेलं. "घर तयार आहे, नुसतं जाऊन बसायचं," मध्यस्थ म्हणाले. दुसऱ्या बाईने मांडलेल्या घरात नुसतं बसणं किती जड असतं ते मध्यस्थांना कुठून कळणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नुई जळून वर्षं झाली होती आणि तिचा पीळ घरभर होता. चमचे तिच्या उंचीला टांगलेले होते, आणि लोणच्याच्या माठावरचा दगड तिच्या हाताच्या मापाचा.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मिसाओने एकदा विचारलं होतं. "अहो, मलाही शिकवा ना झाडांचं."

तोकुजी तारेवरून नजर न काढता म्हणाला, "नुई असती तर तिने शिकवलं असतं. मला नाही शिकवता येत."

बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण मिसाओच्या मनात ते वाक्य रुतलं ते रुतलंच. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. मेलेली सवत कधी चुकत नाही, कधी म्हातारी होत नाही, आणि तिच्या हातचं कधी खारट होत नाही.

या सगळ्यापेक्षा वाईट होती ती सकाळ. रोज सकाळी तोकुजी चहाचा पेला घेऊन अंगणात जाई. तिथे कुंपणाला लागून एका उंच चौरंगावर नुईचा काळा पाइन ठेवलेला होता. तोकुजी त्याच्यासमोर उभा राही. बोलत नसे. नुसता बघे, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर एक हसू येई, मऊ, अगदी घरातलं. मिसाओ स्वयंपाकघराच्या दारातून ते बघायची. तिला घर नको होतं, आडनाव नको होतं. त्याने एकदा, एकदाच, तसं तिच्याकडे बघावं एवढं तिला हवं होतं.

बोन्सायला पुढची बाजू असते. किनाशीत तिला तोंडच म्हणतात. मुळं कुठून पसरलेली छान दिसतात, खोड कुठून उघडं दिसतं, ते बघून करणारा झाडाचं तोंड ठरवतो, आणि मग शेंडा त्या बाजूला किंचित झुकवतो, समोर आलेल्या माणसाला झाडाने वाकून नमस्कार करावा तसा. झाड विकलं जातं, घरं बदलतं, म्हणून झाड कुणाचं असं तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते, "हे तोंड कुणाचं?" आणि त्या पाइनपुढे उभं राहून सगळा गाव म्हणायचा, "हे नुईचं तोंड." मिसाओच्या अंगणात, मिसाओने घातलेल्या पाण्यावर जगणाऱ्या झाडाला!

पुस्तक तिने तांदळाच्या कणगीमागे ठेवलं. तोकुजी शेतावर गेला की काढायची. वाचून वाचून पानांना लोणच्याचा वास लागला. तांब्याची तार गवताच्या जाळावर लाल करून कशी मऊ करायची, माती कशी चाळायची, छाटताना कात्री कुठल्या बाजूने धरायची. शेतात टाकून दिलेली वाकडी रोपं उचलून तिने हात बसवला. बरीच मेली. मेलेली ती चुलीत घालायची आणि त्यांच्यावर तोकुजीचं आंघोळीचं पाणी तापायचं.

मग त्या पातळ पुस्तकावरून तिने एक तबक केलं. तिच्या बेटाचा दगड, पांढऱ्या वाळूचा समुद्र, दगडाच्या खांद्यावर बोटाएवढे पाइन, खाली शेवाळाची खाडी. बापाची पिंपांची वखार जिथे होती तिथे तिने काही ठेवलं नाही, नुसती सपाट जागा सोडली. ते बघताना तिचं तिलाच भरून आलं.

तोकुजीने ते बघितलं. "छान आहे," म्हणाला. "समुद्र जमलाय." आणि चहाचा पेला घेऊन तो पाइनकडे गेला.

शेजारच्या हात्सुए मावशी मात्र बराच वेळ बघत राहिल्या. या नुईच्या सख्ख्या मावशी. कुंपणाच्या फटीतून त्यांची जीभ आधी येई, मग त्या. "पुस्तकातलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

मिसाओचा चेहरा पडला. "कशावरून?"

"सगळं बरोबर आहे की. म्हणूनच." मावशींनी सोबत आणलेल्या वांग्याच्या लोणच्याची वाटी पुढे केली. "पुस्तकातली वांगी पुस्तकात राहतात, पोरी. खायला ही घे."

तो हिवाळा मिसाओने जळण्यात काढला. आणि जाड पुस्तकाच्या शेवटाकडे तिला ते प्रकरण सापडलं. लपलेलं तोंड कसं शोधावं. माणसाने झाडाला दिलेलं एक तोंड असतं, पुस्तक म्हणत होतं, आणि झाडाने स्वतः लपवलेलं दुसरं. जुन्या झाडालाही नवं तोंड देता येतं, धीर हवा. त्याच दुपारी ती चौरंग आणि कुंपण यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरली आणि नुईच्या पाइनची पाठ तिने पहिल्यांदा नीट पाहिली. मागची मुळं पुढच्यापेक्षा सुरेख होती. जुनी साल खोल भेगाळलेली. पाठीच्या फांद्या आखूड होत्या, पण त्या वाढवता आल्या असत्या. हे तोंड नुईला दिसलं नव्हतं. नुई चुकली होती!

तिने मावशींना आडून विचारलं, जेवणानंतर, मुळे चिरता चिरता. "मावशी, इथे झाडाचं तोंड बदलतात का हो कधी?"

"बदलतात की. ज्याचं तोंड असेल त्याला विचारून."

"आणि तो गेलेला असला तर?"

"तरी विचारायचं. झाड उचलायचं, पितरांच्या देव्हाऱ्यापुढे न्यायचं, तोंड फोटोकडे करून ठेवायचं. एक रात्र राहू द्यायचं. जाणारं तोंड ज्याचं त्याच्याकडे जातं." मावशींनी मुळ्याचा एक काप तोंडात टाकला. "माझ्या सासऱ्यांनी केलं होतं त्यांच्या बापाच्या झाडाचं. खूप रडले होते."

"नाही विचारलं तर?"

"तर काय? तोंडाला कळत नाही कुठे जायचं." आणि मावशी हसल्या. "कुठल्या झाडाचं म्हणतेस? पुस्तकातल्या?"

मार्चमध्ये तोकुजी झाडं घेऊन ओसाकाच्या बाजाराला गेला. ट्रक वळणाआड गेला आणि मिसाओ बाह्या आवळून देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. खरंच गेली होती ती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. दारं उघडली. आत नुईचा फोटो. काळा किमोनो, नीट विंचरलेले केस, समोर बघणारे शांत डोळे. या बाईला विचारायचं? हिच्या घरात, हिच्या चमच्यांनी, हिच्या नवऱ्याला वाढते मी, आणि आता झाडाला हात लावायलाही हिचीच परवानगी?

"नाही विचारणार जा," मिसाओ मोठ्याने म्हणाली, आणि तिने देव्हाऱ्याची दारं लावून घेतली.

बाहेर पाऊस लागला होता. शेडच्या पत्र्यावर त्याचा एकसुरी आवाज. तिने पाइन शेडमध्ये नेऊन कुंडीतून काढला, आकड्याने मुळं विंचरली. जुनी माती गळून पडली. ओल्या मातीचा आणि राळेचा वास शेडभर झाला, आणि हळूहळू त्यात आणखी एक वास मिसळला. कामेलियाच्या तेलाचा. बायका केसांना लावतात ते. मिसाओ ते लावत नसे. तिने दार उघडून बघितलं, बाहेर नुसता पाऊस होता. पुन्हा येऊन बसली. झाड फिरवलं, नवं तोंड पुढे घेऊन कुंडीत बसवलं, बांधलं, माती दाबली.

शेवटचं काम शेंड्याचं. शेंडा अजून जुन्या बाजूला झुकलेला होता. तिने त्याला जाड तार गुंडाळली, दोन्ही हातांत धरला आणि थोडा थोडा आपल्याकडे वाकवायला लागली. शेंडा येत होता, येत होता, मग थांबला. तिने दात आवळून जोर केला. कट्ट असा आवाज झाला... आणि त्याच वेळी तिच्या मानेत, कवटीखाली, एक कळ गेली.

फांदी मोडली नव्हती. शेंडा सुरेख वळला होता. नुईचा पाइन मिसाओला वाकून नमस्कार करत होता. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. मग मान चोळत तिने झाड चौरंगावर नेऊन ठेवलं, जुनं तोंड कुंपणाकडे करून.

दुसऱ्या सकाळी टोफूवाल्याचा भोंगा वाजला. मिसाओ भांडं घेऊन फाटकात गेली. मान धरली होती, पण मन खुशीत होतं.

"द्या हो एक वडी. आणि फुटकी नको."

टोफूवाल्याने हात पुढे केला आणि तो अवघडून थांबला. "वहिनी... काही चुकलं का माझं?"

"का?"

"नाही, पाठ फिरवून उभ्या राहिलात म्हणून. कालचा आंबट होता का?"

मिसाओ त्याच्या डोळ्यांत बघत होती. भांडं दोघांच्या मध्ये होतं. "सकाळी सकाळी थट्टा नको," ती म्हणाली. तो हसला नाही. त्याने वडी तिच्या भांड्यात नीट न बघता टाकली, अर्धी बाहेर, आणि लगबगीने सायकल काढली.

दुपारी ती अंगणात पाइनच्या सुया गोळा करत बसली होती, कुंपणाकडे पाठ करून. हात्सुए मावशी कुंपणापलीकडे आल्या आणि त्यांची टकळी सुरू झाली. सुनेचं रडगाणं, शेताच्या बांधाचं भांडण. मिसाओ हुंकारही देत नव्हती, तरी मावशी मध्येच थांबून "हो ना?" म्हणायच्या, आणि जणू उत्तर मिळाल्यासारख्या पुढे बोलायच्या.

"आज बाई प्रसन्न दिसतेस," मावशी म्हणाल्या. "तोंडावर कसं तेज आलंय. बरं वाटतं असं बघून. नाहीतर तुझं तोंड नेहमी कारल्याचं."

मिसाओच्या हातातल्या सुया तशाच राहिल्या. ती हळूच मागे वळली.

"अगं... बोलता बोलता पाठ काय फिरवतेस?" मावशी म्हणाल्या. "एवढं लागलं का तुला? गंमत केली मी."

"मावशी, माझ्याकडे बघा. मी आहे ना इकडे?"

"आहेस की. वळ ना."

मिसाओ उठून घरात गेली. आरशात बघितलं. तोंड जागच्या जागी होतं, जरा ओढलेलं, पण तिचंच. तिने गाल चाचपले, कपाळ चाचपलं. मानेकडे हात नेला नाही. कामेलियाच्या तेलाचा वास येत होता, आणि तो खोलीतून येत नव्हता. ती जिकडे वळेल तिकडे तो तिच्या मागे येत होता.

संध्याकाळ व्हायला आली तशी ती देव्हाऱ्यापुढे गेली. म्हणायचं तिने ठरवलं होतं. चुकले, म्हणेन. गुडघे टेकून म्हणेन. झाड आणून ठेवीन, शेंडा परत वळवीन. तिने दारं उघडली.

फोटो तिथेच होता. काळा किमोनो होता. नीट विंचरलेले केस होते. फोटोतल्या बाईची पाठ होती.

मिसाओने चौकट उचलली, उलटली. मागे नुसता पुठ्ठा. पुन्हा पुढून बघितलं. अंबाडा, उघडी मान, किमोनोची मागची गळपट्टी. त्या बाईचं तोंड फोटोत कुठेच नव्हतं...

ती अनवाणीच अंगणात धावली. चौरंगाला हात घालते तोच फाटकाबाहेर ट्रक थांबला. तोकुजी एक दिवस आधी आला होता, झाडं चांगली खपली म्हणून.

तो आत आला, पायातलं काढायच्या आधीच त्याचं लक्ष पाइनकडे गेलं आणि तो जागीच थांबला. हातातलं बोचकं त्याने खाली ठेवलं. मिसाओला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे तोंड कुणाचं?" त्याने विचारलं.

खरं सांगून टाकायचं होतं तिला, सगळं, देव्हाऱ्यासकट. पण इतक्या वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. "माझं," ती म्हणाली.

तो चौरंगाच्या मागे, त्या अरुंद जागेत शिरला. बराच वेळ तो तिथेच होता. पाइनच्या पलीकडून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"फार छान केलंस, मिसाओ," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "पण तू अशी... माझ्याकडे पाठ करून का उभी आहेस? तुला एकटीला सोडून गेलो म्हणून का?"

"मी तुमच्याकडेच बघतेय हो..."

"रागावलीस वाटतं," तो खाली मान घालून म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

दिवेलागण झाली. मिसाओने पानं मांडली, भात, भाजलेला मासा, वांग्याचं लोणचं. त्याच्यासमोर बसून तिने भात वाढला. तोकुजी वाटी घेताना तिच्या हाताकडे बघत होता, तोंडाकडे नाही. चिमणीसारखा जेवला. "एकदा वळ ना," तो पुटपुटला. "बघू तरी दे." तिने दिवा जवळ ओढून आपल्या तोंडाजवळ धरला. त्याने नजर चुकवली, एखाद्या रुसलेल्या माणसाच्या पाठीला काय बोलायचं हे न कळून चुकवतात तशी.

"सूप आणते," ती म्हणाली, आणि उठून चुलीकडे वळली.

चुलीच्या वर भिंतीला भांड्यांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत तिला मागची खोली दिसली, दिवा दिसला, तोकुजी दिसला. त्याने मान वर केली होती. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या मानेकडे, अंबाड्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू येत होतं. मऊ. अगदी घरातलं.

मिसाओच्या हातातला पळा तसाच राहिला.

"अशीच उभी राहा जरा," तोकुजी म्हणाला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "ओसाकाला सारखं वाटत होतं, घरी गेल्यावर तुला सांगू. तिथे एक म्हातारा भेटला, त्याने आपल्या झाडांना हात लावला आणि..." आणि तो सांगत सुटला. बाजाराचं, बोटीवरच्या गर्दीचं, रस्त्यात खाल्लेल्या उदोनच्या शेवयांचं, पावसाचं. इतके शब्द त्याच्यात होते! मधून मधून तो थांबे, कान देऊन ऐके, हसे आणि पुढे बोले. मिसाओने ओठ घट्ट मिटले होते.

तिने हळूच डावा हात मागे नेला. अंबाड्याखाली, मानेच्या खळग्यात, बोटं टेकवली. बोटांखाली पापण्या फडफडल्या.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर तो उठून आला असता, त्याने तिला खांदे धरून वळवलं असतं, आणि मग त्याला पुन्हा तिची पाठच दिसली असती. चुलीशेजारी मासा कापायची सुरी होती. तिकडे तिची नजर गेली. आपल्याच मानेवर सवत बसलीय, तिला नवरा हसतोय, आणि आपण तिला अंगावर वागवतोय. तिचं रक्त नुसतं उकळत होतं. अजूनही देव्हाऱ्याकडे जाता आलं असतं. झाड बाहेरच होतं, रात्र पुढे होती. निरोप घेऊन गेली असती नुई, आपल्या जागी, आपल्या फोटोत. आणि उद्या सकाळी तोकुजी चहा घेऊन अंगणात गेला असता, आणि मिसाओ पुन्हा दारातून बघत राहिली असती.

"मिसाओ," तोकुजी म्हणाला. नुई नव्हे. मिसाओ. तिचंच नाव, आणि ते तो इतक्या मायेने उच्चारत होता की तिचे डोळे भरून आले. "मिसाओ, तू इथे सुखात आहेस ना?"

काचेत त्याचं हसू हलत होतं. मिसाओने पळा खाली ठेवला. दोन्ही हात मागे नेले, अंबाडा सोडला, केस वर ओढले आणि डोक्याच्या शेंड्यावर घट्ट बांधले, मान पुरती उघडी करून, त्याला नीट दिसावं म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून ती स्थिर उभी राहिली.

"हो," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. त्याआधीच तिच्या मागून कुणीतरी "हो" म्हणालं, आणि तो आवाज हुबेहूब मिसाओचा होता.